पोचपावती नसलेलं टपाल

नमस्कार श्रोतेहो.

छत्तीस वर्षं मी टपाल खात्यात काढली. त्यातली शेवटची नऊ वेंगुर्ल्याजवळच्या एका पोस्टात, सबपोस्टमास्तर म्हणून. रजिस्टर पत्राला मागं एक कार्ड जोडलेलं असायचं, पोचपावतीचं. त्याला एडी म्हणायचे. पत्र घेणाऱ्यानं त्यावर सही करायची आणि ते कार्ड उलट प्रवास करून पाठवणाऱ्याच्या हातात पडायचं. भाऊबंदकीतली नोटीस असो की नोकरीचा अर्ज, पाठवणारा माणूस आठ दिवसांनी काउंटरवर हजर. "मास्तरांनू, माजी एडी इली काय?" पत्रात काय लिहिलं होतं ते तो विसरलेला असायचा, कार्ड मात्र विसरत नसे. 2025 साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा मी निवृत्त होतो. तरी त्या दिवशी जेवण गेलं नाही.

निवृत्तीनंतर मी एक पटकथा लिहिली. आमच्या खाडीवर पूर्वी तर चालायची, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी. ती चालवणारा एक म्हातारा आणि त्याच खाडीत खांब रोवून उभा राहणारा पूल, एवढीच गोष्ट. लिहायला दोन वर्षं लागली. मग ती मुंबईच्या तीन निर्मिती संस्थांकडे पाठवली आणि काउंटरच्या पलीकडे उभं राहणं म्हणजे काय, ते मला साठीनंतर कळलं.

पहिली चूक माझीच. संहिता लिहिली होती फुलस्केप कागदावर, दोन्ही बाजूंनी. टाइप करून घेतली कुडाळच्या एका डीटीपीवाल्याकडून. माणूस चांगला, पण त्याचा हात लग्नपत्रिका आणि जत्रेच्या हँडबिलांवर बसलेला. त्यानं नेहमीच्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर बसवला, म्हणजे युनिकोड नसलेल्या, तो फॉन्ट ज्या मशीनवर नाही तिथं अक्षरं न दिसणाऱ्या, आणि वर्ड फाइल पेन ड्राइव्हवर दिली. मी ती मेलला जोडून दिली पाठवून. अकरा आठवडे काही नाही. बाराव्या आठवड्यात एका ठिकाणाहून, बहुधा नुकतीच कामाला लागलेली एखादी मुलगी असावी, तिचं दोन ओळींचं उत्तर आलं. सर, फाइलमधलं काही वाचता येत नाही, फोटो जोडला आहे. फोटो उघडला. माझा पहिला सीन होता पहाटेच्या खाडीचा. धुकं, वल्ह्याचा आवाज, पलीकडच्या काठावरून कुणाची तरी हाक. त्या जागी रोमन अक्षरं, डॉलरची चिन्हं, डोक्यावर टोपी घातलेले ए आणि ओ, मध्येच उलटं प्रश्नचिन्ह. पानंच्या पानं. अकरा आठवडे मी ज्या लोकांवर रागावलो होतो, त्यांच्यापुढं वाचण्यासारखं काही नव्हतंच.

म्हणून, लिहिणारे जे कुणी ऐकत असतील त्यांना सांगतो. संहिता युनिकोडमध्ये टाइप करा, पीडीएफ करा आणि मुंबईला पाठवण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवर उघडून बघा. मी भाच्याला पाठवतो. तो वाचत नाही, पण "मामा, दिसता" एवढं कळवतो. तेवढं पुरतं. पहिल्या पानावर नाव, फोन आणि कितवा ड्राफ्ट ते. पानांना नंबर. प्रत्येक सीनच्या डोक्यावर जागा आतली की बाहेरची, कुठली, दिवस की रात्र. एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. तो बसला आहे इंग्रजीतल्या बारा पॉइंटच्या, कुरियर नावाच्या टाइपावर, त्यामुळं देवनागरीत तंतोतंत लागू पडत नाही. पण माझी 168 पानं बघून कुणीही फाइल बंद केली असती, हे मला आता पटतं. आज ती 112 आहेत. गाळलेल्या पानांत बहुतेक सुरंगीची फुलं होती.

आता पाठवलेल्या फाइलचं तिकडं काय होतं? आपल्याला वाटतं, निर्माता खुर्चीत बसून पानं उलटतोय. मोठ्या संस्थेत तसं नसतं. संहितेची निवड बघणारी वेगळी माणसं असतात, त्यांच्या हाताखाली वाचक असतात. वाचक संहिता वाचून एक-दोन पानांचा अभिप्राय लिहितो, त्याला ते कव्हरेज म्हणतात. वरची माणसं बहुतेक वेळा तेच वाचतात. मराठीतल्या लहान निर्मात्याकडे हा सरंजाम नसतो, तिथं तो स्वतः, त्याचा दिग्दर्शक मित्र, किंवा कुणीच नाही. शिवाय पुष्कळ संस्था न मागता आलेली संहिता उघडतच नाहीत. ह्यात शिष्टपणा कमी आणि वकिलाचा सल्ला जास्त. उद्या त्यांनी पुलावरचा सिनेमा काढला आणि माझी फाइल त्यांच्या मेलमध्ये उघडलेली सापडली, तर मी कोर्टात जाईन ही त्यांना धास्ती. म्हणून आधी वनलाइन, म्हणजे थोडक्यात गोष्ट, आणि पानभर सिनॉप्सिस, म्हणजे सारांश, पाठवायचा, संहिता मागितली तर द्यायची. काही जण त्याआधी रिलीज फॉर्मवर सही मागतात. आमच्याकडे याच विषयावर दुसरं कामही चालू असू शकतं, तुम्ही तक्रार करणार नाही, अशा अर्थाचा. तो फॉर्म वाचा. पोस्टात मी हजारो माणसं न वाचता सही करताना पाहिली आहेत. मी दोन फॉर्मवर सही केली, तिसऱ्यावर नाही. त्यात एका वाक्यात हळूच, मोबदला न देता मजकूर वापरायची मुभा मागितली होती.

आणि संहिता वाचण्यासाठी तुमच्याकडेच पैसे मागणारा भेटला, तर फोन ठेवून द्या.

चोरीचं म्हणाल तर आमच्या गावात प्रत्येकानं मला सावध केलं. "पाठव नको रे, पळवतीत." एकानं तर युक्ती सुचवली, संहितेचं पाकीट स्वतःलाच रजिस्टर कर आणि न फोडता कपाटात ठेव, शिक्क्यावर तारीख असते. ही युक्ती मला नवी नव्हती. अशी पाकिटं मी स्वतः शिक्के मारून पाठवली आहेत आणि आठवड्यानं त्याच माणसाच्या हातात दिली आहेत. शिक्का मारणारा म्हणून सांगतो, त्या पाकिटाच्या भरवशावर राहू नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं लिहिलेल्या मजकुराचा हक्क लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. पण पुराव्याला कागद लागतो. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीची नोंद पाचशे रुपयांत होते. अर्ज केल्यावर हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं. मुंबईत पटकथालेखकांची संघटना आहे, स्क्रीनरायटर्स असोसिएशन. तिचं सभासद झालं की घरबसल्या ऑनलाइन नोंद करता येते. मी तीच केली, पावसाळ्यात, लाइट येईल तशी. तीन वेळा लाइट गेली, चौथ्यांदा फाइल चढली.

तरी एक गोष्ट पक्की समजून घ्या. कल्पनेवर मालकी नसते. 1950 च्या दशकात आर. जी. आनंद यांनी 'हम हिंदुस्तानी' नावाचं नाटक लिहिलं होतं, प्रांतवादावर. 1956 साली 'न्यू दिल्ली' सिनेमा आला. आनंदांना वाटलं, हे तर आपलंच नाटक. खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1978 साली ते हरले. न्यायालयाचं म्हणणं असं, की विषय, कल्पना, कथानक यांवर कुणाचा हक्क नाही. हक्क आहे तो मांडणीवर. दोन्ही पाहिलेल्या माणसाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं निःसंशय वाटलं पाहिजे. म्हणजे खाडी, तर आणि पूल माझ्या मालकीचे नाहीत. माझा म्हातारा पुलाचं उद्घाटन चालू असताना रिकामी तर घेऊन मधोमध येतो आणि पलीकडून नेहमीची हाक येते का म्हणून थांबतो, ते ज्या शब्दांत आणि ज्या क्रमानं मी लिहिलंय, ते माझं.

बघा, तुम्हाला सगळा शेवट सांगून टाकला.

गेल्या वर्षी एका ठिकाणाहून बोलावणं आलं. नॅरेशनला या, म्हणाले. संहिता हातात असली तरी मुंबईत ती ऐकायची पद्धत आहे. लेखकानं समोर बसून पूर्ण सिनेमा तोंडानं सांगायचा, पावसासकट. सावंतवाडीहून तुतारी एक्स्प्रेस पकडली, सकाळी दादर, तिथून अंधेरी. काचेची खोली, तीन तरुण माणसं, एसी इतका की माझी बोटं गार. दोन तास ठरले होते. पंधराव्या मिनिटाला एकाला फोन आला, तो बाहेर गेला. दुसरा ऐकत होता, पण नजर लॅपटॉपवर. मी वाचत होतो, सांगत नव्हतो, हे मला तिथंच कळलं. आमच्याकडे दशावतारातला नट देवळापुढं रात्रभर उभा राहतो. हातात कागद नाही, लिहिलेले संवाद नाहीत. कथानक ठरतं आणि शब्द रंगमंचावर जुळतात. त्यातल्या संकासुराची, म्हणजे राक्षसाची, बोबडी वळली तरी बघणारा माणूस जागचा हलत नाही. त्या मातीत वाढलेला मी, मान खाली घालून पान 31 वाचत होतो. चाळिसाव्या मिनिटाला ते म्हणाले, "छान आहे सर. आम्ही कळवतो."

त्याला आता सात महिने झाले.

मी पाठवल्यापासून सहा आठवडे थांबतो, मग एक मेल. चार ओळींचा, तक्रार न करता, संहितेचं नाव आणि तारीख घालून. आणखी महिन्यानं दुसरा. तिसरा पाठवत नाही. दरम्यान तीच संहिता दुसरीकडे द्यायला काही हरकत नसते, कुणाशी लेखी करार झाला नसेल तर. लोक "कळवतो" या शब्दाला करार समजून वर्षभर गप्प बसतात. मीही बसलो होतो. आणि कुणी करार पुढं केलाच, तर मुदत बघा. कायद्यानं, हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. घेणाऱ्यानं वर्षभरात हक्क वापरलेच नाहीत आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते परत तुमचे. हे वाचलं तेव्हा मला आमच्या खात्याची आठवण झाली. न घेतलेलं टपाल आम्हीही पाठवणाऱ्याला परत करायचो.

निर्मिती संस्थांखेरीज दुसरी दारंही आहेत. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची पटकथालेखनाची लॅब 2007 पासून चालते आणि त्यांचा फिल्म बाजार, म्हणजे सिनेमा करणाऱ्यांचा आणि पैसा लावणाऱ्यांचा मेळावा, नोव्हेंबरात गोव्यात भरतो. सावंतवाडीहून पणजी म्हणजे मुंबईपेक्षा किती जवळ. तिथं निदान अर्जाची तारीख असते आणि निवड झालेल्यांची यादी लागते. आपलं नाव नसलं तरी यादी असते. ह्या सुखाची किंमत सात महिने थांबलेल्याला विचारा.

आमची आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. रोज संध्याकाळी दिवा लावला की विचारते, "इलां काय रे काय मुंबयसून?" मी "नाय" म्हणतो. मागच्या महिन्यात ती मला न विचारता ग्रामदेवतेच्या देवळात घेऊन गेली, कौल लावायला. ऐकणाऱ्यांत घाटावरचे कुणी असतील, त्यांच्यासाठी सांगतो. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवानं सुरुवात केली, "बा देवा महाराजा, ह्या तुज्या लेकरान मुंबयक कायतरी कागद धाडल्यान हा..." मागं उभ्या असलेल्या दोघांनी "व्हय महाराजा" म्हटलं. पटकथा या शब्दाला गाऱ्हाण्यात जागा नव्हती, कागद झाला.

आम्ही उभे राहिलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं. समईची वात एकदा पुढं सारली. बाहेर पाऊस धरला होता, पाकळ्या ओल्याच्या ओल्या. उजवी जागची हलेना, डावीही हलेना. गुरवानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे.

आईनं पदर सावरला. म्हणाली, "चल रे, घराक जाऊया. भात टाकूचो आसा."