उशिरा येणाऱ्यांना आत सोडू नये

मंडळी, पत्रिकेवर विषय छापला आहे ‘मानसशास्त्रीय थरारपटांतील सलामीची दृश्ये आणि वातावरणनिर्मिती’. एवढं भारदस्त शीर्षक माझं नाही. माझं आयोजकांना जरा उद्धट वाटलं. म्हणणं मात्र साधं आहे. धुकं, अंधार आणि किंचाळणारं व्हायोलिन यांनी वातावरण तयार होतं ही आपली भाबडी समजूत. पहिलं दृश्य प्रेक्षकाला गोष्टीत कुठे बसवतं, यावर सगळं ठरतं. कोणाच्या पाठीआडून बघायचं, किती कळू द्यायचं, काय अर्धवट ठेवायचं. एकदा ती जागा ठरली की पुढचे दोन तास आपण तिथेच चुळबुळत बसतो. नजर, आवाज आणि काळ अशा तीन भागांत बोलेन, असं कबूल केलं आहे. बघू या.

नजरेपासून सुरुवात करतो. १९६० सालचा, दिग्दर्शक हिचकॉकचा ‘सायको’. न्हाणीघरातला खुनाचा प्रसंग सगळ्यांना पाठ असतो. पहिलं दृश्य कोणतं, असं विचारलं की सभागृह शांत होतं. आत्ता झालं तसंच. तर, फिनिक्स शहर. भर दुपार. पडद्यावर आधी शहराचं नाव येतं, मग वार आणि तारीख, शुक्रवार ११ डिसेंबर, मग वेळ, दुपारचे २ वाजून ४३ मिनिटं. पोलिसी पंचनाम्यासारखं. (रस्त्यावरची नाताळची सजावट चित्रीकरणात आली होती, म्हणून डिसेंबरची तारीख घातली, असं सांगतात. म्हणजे आपण ज्याला शैली म्हणतो ते कधी कधी निस्तरणं असतं.) कॅमेरा इमारतींवरून सरकत एका हॉटेलच्या खिडकीशी येतो. खिडकीची झडप जवळजवळ खालपर्यंत ओढलेली. उरलेल्या फटीतून तो सरळ आत शिरतो. आत एक जोडपं, अर्धवट कपड्यांत.

कोणी मेलेलं नाही. इतक्यात कोणी मरणारही नाही. पण आपण चोरून बघायला लागलो आहोत, आणि आपली संमती कोणी विचारलेली नाही. पुढे मोटेल चालवणारा नॉर्मन बेट्स भिंतीतल्या भोकाला डोळा लावतो, तेव्हा त्याला नावं ठेवायला आपल्याला तोंड उरलेलं नसतं. तो जे करतो ते आपण पहिल्याच दृश्यात केलेलं असतं.

सिनेमा सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही, असा हिचकॉकचा दंडक होता. थिएटरांत तशा पाट्या लागल्या होत्या. त्याचं कारण वेगळं होतं. नायिका निम्म्या वाटेवरच मारली जाते, उशिरा आलेले तिची वाट बघत बसले असते. मी मात्र तो नियम माझ्या सोयीने वापरतो. मागच्या रांगेत आत्ता जे दोघं येऊन बसले, त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

आता माझी तक्रार. ती आज मांडणारच, ज्यांनी आधी ऐकली आहे त्यांनी चहा घेऊन यावा. हल्लीचे थरारपट आणि मालिका कशा सुरू होतात? रक्ताने माखलेले हात. धापा. जंगलातून कोणीतरी पळतंय, कॅमेरा त्याच्याहून जोरात पळतोय. किंकाळी. पडदा काळा. आणि मग पाटी येते, ‘तीन दिवसांपूर्वी’. त्यानंतर एक सुखी कुटुंब नाश्ता करत असतं.

ही पाटी दिसली की माझा रक्तदाब वाढतो, आणि दिग्दर्शकाला तो थराराचा परिणाम वाटतो. अहो, हा उसना थरार आहे! नाश्त्याच्या दृश्यात ताण आणता येत नाही, म्हणून शेवटाकडून आगाऊ उचल घेतलेली. ‘धीर धरा, पुढे रक्त आहे’ असं आश्वासन देऊन प्रेक्षकाला बसवून ठेवायचं. मग तो नाश्त्याकडे बघतच नाही, ते पळणारं माणूस कधी येतंय याची वाट बघतो. आपल्याला कुठे बसवायचं हे ठरलेलंच नसतं. आपण आपले प्रतीक्षालयात.

उलटा काळ मुळातच वाईट, असं मी म्हणत नाही. ‘मेमेंटो’ पाहा, २००० सालचा, नव्या आठवणी न टिकणाऱ्या माणसाची उलट्या क्रमाने सांगितलेली गोष्ट. हातात एक पोलरॉइड छायाचित्र आहे आणि ते स्पष्ट होत जाण्याऐवजी पुसट होत चाललंय. बंदुकीची गोळी परत नळीत जाते. तिथे शेवट आधी दाखवलाय, पण त्याच दृश्यात सिनेमा कसा वाचायचा याचा नियमही शिकवलाय. चित्र विरत जाणार, तुमची स्मृतीही. याला मी सलामी म्हणतो. ‘तीन दिवसांपूर्वी’ ही सलामी नव्हे, जाहिरात आहे.

आणि दुसरा शत्रू म्हणजे श्रेयनामावली वगळायचं ते बटण. १९९५ च्या ‘सेव्हन’ची काइल कूपरने केलेली शीर्षकं वगळून बघणाऱ्याशी मी वाद घालत नाही. खरवडलेली अक्षरं, शिवलेली पानं, बोटांची कातडी तासणारं पातं. गुन्हेगार समोर यायच्या कितीतरी आधी तुम्ही त्याच्या टेबलाशी बसून आलेले असता, आणि हे बटण म्हणतं, नको, वेळ वाचवा. कशासाठी वाचवायचा?

शीर्षकांवरून एक किस्सा. थोडा लांब आहे. १९५८ चा, दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचा ‘टच ऑफ एव्हिल’. मानसशास्त्रीय थरारपट नव्हे, गुन्हेपट आहे, पण किस्सा सोडवत नाही. पहिल्या चौकटीत एक हात बॉम्बचा काटा फिरवतो. बॉम्ब गाडीच्या डिकीत जातो. एक जोडपं गाडीत बसतं, गाडी निघते, आणि तीन मिनिटांहून जास्त वेळ एकही कट नाही. कॅमेरा क्रेनवरून वर जातो, छपरांवरून खाली येतो, गाडी कधी दिसते, कधी नाहीशी होते. मध्येच दुसरं एक नवविवाहित जोडपं चालत चालत त्याच गाडीच्या आगेमागे येतं. त्यातली वधू जॅनेट ली. दोन वर्षांनी हीच बाई ‘सायको’त. तिच्या नशिबी मोटेलंच होती, या सिनेमातही तिला मोटेलात त्रास होतोच.

तर स्टुडिओने या दृश्यावर नावं टाकली आणि हेन्री मॅन्सिनीचं दमदार संगीत चढवलं. संगीत उत्तमच आहे. पण वेल्सला हवे होते रस्त्यावरचे आवाज, बारमधून बाहेर सांडणारी गाणी, गाडीतला रेडिओ. त्याने स्टुडिओला ५८ पानांचं टिपण लिहिलं. ५८ पानं! इथे काहीजण एका ओळीच्या निरोपाला उत्तर देत नाहीत, मी आयोजकांकडे बघत नाहीये. अखेर १९९८ मध्ये, वेल्सच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, वॉल्टर मर्च या संकलकाने त्या टिपणाबरहुकूम सिनेमा पुन्हा बांधला. नावं काढली, संगीत काढलं. आता रेडिओचा आवाज जवळ आला की बॉम्ब जवळ आला. चित्र तेच, पण पूर्वी तुम्ही बाहेर बसून तमाशा बघत होता, आता तुम्ही फुटपाथवर आहात. आवाजाबद्दल मला जे म्हणायचं होतं ते बहुतेक यातच आलं.

दहा मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे. नाही, पाच. बरं, भराभर.

‘द शायनिंग’, १९८०. डोंगर, तळं, लख्ख ऊन, एक पिवळी फोक्सवॅगन. एकही सावली संशयास्पद नाही. तरी पोटात गोळा का येतो? एक तर वेंडी कार्लोस आणि रेचल एल्काइंड यांनी सिंथेसायझरवर मृतांसाठीच्या प्रार्थनेची जुनी लॅटिन धून वाजवली आहे. आणि दुसरं, कॅमेरा गाडीचा पाठलाग करता करता तिला ओलांडून रस्ता सोडतो, दरीकडे निघून जातो. ही नजर माणसाची नाही, आणि आपण तिच्या आत आहोत. हे सगळं उन्हात. अंधारवाल्यांनी नोंद घ्यावी.

‘सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’, १९९१. एफबीआयची प्रशिक्षणार्थी क्लॅरिस धावते आहे, तिला बोलावणं येतं, ती लिफ्टमध्ये शिरते. आजूबाजूला लाल शर्टातले उंच पुरुष, मध्ये ती एवढीशी. एक शब्द नाही. तिच्याकडे कसं बघितलं जातं हे कळलं, त्यावर अख्खा सिनेमा उभा आहे.

आपल्याकडचा ‘वो कौन थी?’, १९६४, पावसाळी रात्र आणि पांढऱ्या साडीतली साधना. म्हणजे मी ज्याची टिंगल केली ते सगळं त्यात आहे. तरी चालतं, कारण गाडी चालवणाऱ्या डॉक्टरला रस्ता दिसत नाही आणि तिला दिसतो. आपण डॉक्टरच्या शेजारी आंधळे बसलेलो.

काळ राहिलाच. दोनच उदाहरणं. ‘व्हर्टिगो’, १९५८. नायक छपराच्या पन्हळीला लोंबकळतो, वाचवायला आलेला पोलीस खाली पडून मरतो. पुढच्या दृश्यात नायक मैत्रिणीच्या घरी काठी घेऊन बसलेला. तो खाली कसा उतरला? सिनेमा कधीच सांगत नाही. म्हणजे आपल्यापुरता तो अजून लोंबकळतोच आहे. आणि दिग्दर्शक हानेकेचा ‘काशे’, २००५. एका घराचं स्थिर दृश्य, मिनिटामागून मिनिटं, संगीत नाही, बारीक अक्षरांत नावं. तुम्हाला कंटाळा येतो, तुम्ही खिडक्या मोजता. मग चित्रावर रेघा उमटतात आणि दृश्य भराभर पुढे पळू लागतं. ही व्हिडिओ टेप आहे, आणि ज्यांच्या घरावर कोणीतरी नजर ठेवली आहे ते दोघं आपल्यासोबतच ती बघत आहेत. ‘सायको’त आपण फटीतून आत शिरलो होतो. इथे शिरायला फटही लागली नाही.

यावर अजून बोलायचं होतं, पण दिवे लागले. प्रश्न विचारा. शेवट फोडलात तरी चालेल, सुरुवात मात्र फोडू नका, इथे बऱ्याच जणांनी ती अजून पाहिलेली नाही.