चूल उतरली की

[दृश्य: संध्याकाळ. ओसरीत चटई अंथरली जातेय. भिंतीशी टाळांची जोडी, शेजारी जाड पुठ्ठ्याचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल.]

निवेदन:
रविवारच्या उपासनेला पाळकसाहेब असतात, गायकवृंद असतो, घंटा असते. घरातल्या प्रार्थनेला यातलं काहीच नसतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय, आणि अनेक घरांत बंदही पडलीय. बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा अश्रद्धा नसतं, लांबण असते. पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटं, महिन्याने चाळीस. मग एकेक जण चटईवरून उठायला निमित्त शोधू लागतो.

म्हणून आधी वेळ. स्वयंपाक उतरला आणि पानं वाढायची आहेत, हा मधला वेळ सर्वांत चांगला. जेवणानंतर बसलं की लहान मुलं पेंगतात आणि मोठ्यांचं लक्ष मालिकेकडे जातं. शिवाय जेवण समोर वाट पाहत असलं की प्रार्थना आपोआप आटोपशीर होते! वाचन छापील पुस्तकातून करावं. मोबाइलमध्ये वचन शोधताना मधेच निरोप येऊन पडतो आणि वाचणाऱ्याचा डोळा तिकडे वळतो.

[दृश्य: टाळ वाजताहेत. एक मुलगी डोळे मिटून गातेय, समोर पुस्तक नाही.]

निवेदन:
सुरुवात गीताने. तीन-चार मिनिटं, एकच गीत.

कोणतं गीत, हा प्रश्न वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगरात काम सुरू केलं. मिशनऱ्यांबरोबर पाश्चात्त्य चाली आल्या आणि त्या चालींवर मराठी शब्द बसवले गेले. चर्चमध्ये ऑर्गन आणि चार आवाजांचा गायकवृंद असला की ती गीतं भारदस्त वाटतात. घरात मात्र पेटी वाजवणारं कुणी नसतं. चालीसाठी ऱ्हस्व अक्षर ओढावं लागतं, दीर्घ अक्षर गिळावं लागतं, आणि दुसऱ्या कडव्यात सगळे पुस्तकात डोकं घालतात.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्तभक्तीसाठी अभंग आणि भजनं लिहिली. मोठ्या अभंगाचा साचा सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. ओळ एका श्वासात संपते आणि यमक पुढची ओळ आठवून देतं. अक्षर न ओळखणारी आजी आणि पहिलीतला नातू दोघंही तो पाठ म्हणू शकतात, साथीला टाळ पुरतात. घरच्या प्रार्थनेसाठी याहून सोयीचा साचा मराठीत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एक चूक हमखास होते. उत्साहात गीत वरच्या पट्टीत उचललं जातं आणि अंतऱ्याला आवाज फाटतो. अंतऱ्यातली सर्वांत चढी ओळ आधी गुणगुणून पाहावी. ती जड गेली, तर खालून सुरुवात करावी.

[दृश्य: पवित्र शास्त्राची पानं. बोट 'लेवीय' या शीर्षकावर थांबतं.]

निवेदन:
मग वाचन. पवित्र शास्त्रात 66 पुस्तकं, 1189 अध्याय. कॅथलिक आवृत्तीत 73 पुस्तकं. एक जानेवारीला 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकापासून रोज तीन अध्याय वाचायचा संकल्प खूप जण करतात. पहिले सोळा-सतरा दिवस छान जातात. अब्राहाम आहे, याकोब आहे, योसेफ आहे. पुढच्या 'निर्गम' पुस्तकातली मिसरातून सुटका तर वाचता वाचता संपते. पण 25 जानेवारीच्या सुमाराला निर्गमचा 25वा अध्याय येतो. तिथून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची मोजमापं सुरू होतात: लांबी किती हात, फळ्या किती, कड्या किती. 31 तारखेला लेवीय उघडतं आणि यज्ञांचे नियम समोर येतात. संकल्प मोडतो तो इथे.

ते अध्याय महत्त्वाचे आहेतच, पण चटईवर बसलेल्या दहा वर्षांच्या मुलासाठी ते पहिलं पाऊल नव्हे. कुटुंबाने मार्कच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या कथेपासून सुरुवात करावी. अध्याय 16, वचनं सुमारे पावणेसातशे. रोज बारा-पंधरा वचनं घेतली, तर दीड-दोन महिन्यांत पूर्ण. अध्यायाच्या आकड्यावर थांबू नये, प्रसंग संपेल तिथे थांबावं. येशूने वादळ शमवायच्या आधीच पुस्तक मिटलं, तर मुलं नाराज होतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

जुन्या भाषांतरातले शब्द मुलांना अडतात. 'नीतिमान', 'प्रायश्चित्त' आलं की वाचणाऱ्याने क्षणभर थांबून अर्थ सांगावा. ही अडचण पंडिता रमाबाईंनी फार आधी ओळखली होती. साध्या, कमी शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. 1922 मध्ये त्या वारल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, त्यांच्याच मुक्ती मिशनमध्ये 1924 ला ते छापून पूर्ण झालं.

वाचनानंतर प्रवचन नको, एक प्रश्न पुरे: आज कोण काय म्हणालं? "यातून आपण काय शिकलो?" असं विचारलं की मुलं पाठ केलेलं उत्तर देतात, "सर्वांवर प्रेम करावं", आणि मोकळी होतात.

[दृश्य: माना खाली. एका लहान मुलाचा आवाज, अडखळत.]

निवेदन:
प्रार्थना सर्वांत लहान मुलापासून सुरू करावी. प्रत्येकाने दोन वाक्यं म्हणावीत: एका गोष्टीसाठी आभार, एक मागणं. घरातल्या कर्त्याने आधी सुरू केलं की तोच सगळं मागून मोकळा होतो, मागच्यांना "आमेन" एवढंच उरतं. त्याहून वाईट म्हणजे डोळे मिटून मुलांची कागाळी करणं: "प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, हा दिवसभर मोबाइल पाहतो." ऐकणाऱ्या मुलाला कळतं की हे बोलणं देवाशी चाललेलं नाही. रागवायचं असेल तर जेवताना रागवावं. प्रार्थनेतल्या बडबडीबद्दलचा इशारा मत्तयच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायातल्या सातव्या वचनात आहे, आणि दोनच वचनांनंतर येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना सुरू होते. ती शेवटी सर्वांनी एका सुरात म्हणावी. अर्धं मिनिट लागतं.

पाठांतरासाठी छोटी स्तोत्रं निवडावीत. 117व्या स्तोत्रात दोनच वचनं, 100व्यात पाच, 23व्यात सहा, 121व्यात आठ. या क्रमाने गेलं, तर मुलांना आठवडाभरातच "एक अख्खं स्तोत्र येतं" असं म्हणता येतं. एक वचन दोन दिवस घ्यावं: पहिल्या दिवशी बघून तीनदा, दुसऱ्या दिवशी न बघता.

[दृश्य: कारखान्याचं फाटक, पाळी बदलतेय. दुसरीकडे रात्रीच्या विजेवर उसाला पाणी.]

निवेदन:
एमआयडीसीतल्या पाळ्या आणि रात्रीची शेतीची वीज रोजची वेळ पाळू देत नाहीत. अशा आठवड्यात घरी असतील त्यांनी बसावं, कामावर गेलेल्याचं नाव प्रार्थनेत घ्यावं. दिवस चुकला, तर त्या दिवसाचं वाचन दुसऱ्या दिवशी जोडू नये. तीन दिवसांची थकबाकी एका रात्री फेडायला बसलं की पंधरा मिनिटांची पुन्हा चाळीस होतात. खूण जिथे आहे तिथूनच पुढची बारा वचनं वाचावीत. मार्क दोनऐवजी तीन महिन्यांनी संपेल, इतकंच.