आट्यांचा सांधा

व्हाइसमध्ये आवळलेल्या या दोन इंची पोलादी नळीच्या टोकावर आटे कापणारी डाय फिरते आहे आणि तिच्या दातांतून तेलात भिजलेला कुरळा कीस खाली पडतो आहे. येथे वेल्डिंगसारखी ज्योत नाही आणि ठिणगीही नाही, म्हणून काहीजण या कामाला दुय्यम समजतात. नळीला आटे पाडायचे, आतून तसेच आटे असलेला फ्लँज, म्हणजे बोल्टांसाठी छिद्रे असलेली जाड चकती, त्यावर चढवायचा आणि दोन फ्लँजांच्या मध्ये गळती रोखणारे गॅस्केट ठेवून ते बोल्टांनी जोडायचे, अशी ही पद्धत आहे.

आता कॅमेरा आट्यांच्या अगदी जवळ गेला आहे. नीट पाहिले तर ते टोकाकडे निमुळते होत गेलेले दिसतील: १६ मिलिमीटर लांबीमागे व्यासात १ मिलिमीटरचा फरक. म्हणूनच फ्लँज सुरुवातीला हाताने सहज फिरतो, मग अडतो आणि पाना लावला की पाचरीसारखा रुतत जातो. अमेरिकी एनपीटी आणि ब्रिटिश बीएसपीटी या दोन्ही पद्धतींत उतार हाच असला, तरी आट्याचा कोन पहिलीत ६० अंश आणि दुसरीत ५५ अंश असतो. या मापाच्या नळीवर इंचाला पहिलीत साडेअकरा, तर दुसरीत अकरा आटे येतात. एकीचा फ्लँज दुसरीच्या नळीवर काही फेरे चढतोही, पण तो सांधा खरा नव्हे.

आट्यांच्या माथ्यात आणि खाचेत नागमोडी फट उरतेच. ती टेफ्लॉनच्या टेपने भरतात. टेप आट्यांच्याच दिशेने गुंडाळली आहे आणि टोकाचा पहिला आटा मोकळा सोडला आहे, म्हणजे तिचे तुकडे नळीत जाणार नाहीत.

यानंतरचे काम सर्वांत अवघड आहे. सांधा घट्ट तर व्हायलाच हवा, पण त्याच क्षणी फ्लँजची चारही छिद्रे समोरच्या फ्लँजच्या छिद्रांसमोर यायला हवीत. थोडे पुढे गेले म्हणून मागे फिरवण्याची सोय नाही, कारण उलट फिरवताच भरलेली फट पुन्हा उघडते. पुढचे छिद्र जुळेपर्यंत, म्हणजे फार तर पाव फेरा, पुढेच जावे लागते. तेवढी जागा आट्यांत उरली आहे की नाही, हे फिटरला पान्यावरच्या जोरावरून ओळखावे लागते. या कामाला दुय्यम समजणाऱ्यांनी हे हात पाहावेत.

ज्वालाग्राही वायूच्या आवारात, जेथे वेल्डिंगची ठिणगी चालत नाही, तेथे हा सांधा उपयोगी पडतो. जस्ताचा मुलामा असलेल्या पाण्याच्या आणि दाबहवेच्या नळ्यांनाही तो सोयीचा आहे, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने जस्त जळून अपायकारक धूर निघतो आणि मुलामाही जातो.

आटे पाडल्याने ३.९१ मिलिमीटर जाडीच्या (शेड्यूल ४० या प्रमाणित वर्गातल्या) नळीची सुमारे पावणेदोन मिलिमीटर जाडी कमी होते, म्हणून सततच्या कंपनाच्या जागी हा सांधा टाळतात. आणि तापमानाचे तीव्र चढउतार असतील तर २६० अंश सेल्सिअसच्या वर तो वापरू नये, असे एएसएमई बी१६.५ हे फ्लँजांसाठीचे अमेरिकी मानक सांगते.

बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडेथोडे करून आवळले गेले आहेत. नळीत पाणी भरून संकल्पित दाबाच्या दीडपट दाब दिला आहे. दहा मिनिटे झाली. दाबमापकाचा काटा जागचा हललेला नाही आणि फ्लँजच्या मागे, जेथे आटे संपतात, तेथे फिटर कोरडे बोट फिरवून पाहतो आहे.