रिपोर्ट नॉर्मल असताना स्टॅटिन कशासाठी? मधुमेह, लठ्ठपणा आणि धमनीचे अस्तर

नमस्कार. जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे अनेक प्रेक्षक विचारतात की, शुगरसाठी दवाखान्यात गेलो, लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी नॉर्मल आली, तरी डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, का लिहून दिली? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर धमनीच्या आतल्या अस्तरात आहे.

आपल्याकडे केळीच्या बागेत ठिबकच्या नळीत क्षार साचून ती चोंदते, तशीच धमनी चरबीने चोंदते, असे बहुतेकांना वाटते. पण ठिबकची नळी निर्जीव असते. धमनीला आतून जिवंत पेशींचा एकपदरी थर असतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. हा थर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतो. त्यामुळे धमनीचा स्नायू सैलावतो, रक्ताच्या गुठळ्यांना अटकाव होतो आणि दाह आटोक्यात राहतो. या वायूच्या कार्याचा उलगडा करणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

[पडद्यावर: धमनीचा आडवा छेद]

मधुमेहात वाढलेल्या साखरेमुळे या थरात ऑक्सिजनची घातक संयुगे वाढतात आणि ती तयार झालेला नायट्रिक ऑक्साइड नष्ट करतात. लठ्ठपणात, विशेषतः पोटाचा घेर वाढलेला असताना, चरबीच्या पेशींतून दाह वाढवणारी द्रव्ये आणि मेदाम्ले रक्तात येतात. शिवाय इन्सुलिन एरवी अस्तराला हा वायू बनवण्याचा जो संदेश देते, तोही क्षीण होतो. म्हणजे एलडीएलचा, अर्थात ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा, आकडा मध्यम असला तरी अस्तर आजारी असू शकते. बारीक हातपाय आणि सुटलेले पोट ही आपल्याकडची नेहमीची ठेवण असल्याने भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटर धरली जाते. वजनकाट्यापेक्षा मला ही टेप अधिक खरी वाटते.

जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी 1970 च्या दशकात बुरशीतून पहिले स्टॅटिन वेगळे केले. ही औषधे यकृतातील कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या मार्गातले एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) रोखतात, त्यामुळे यकृत रक्तातले एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेते. याच मार्गावर पुढे काही मेदजन्य रेणू तयार होतात, ज्यांच्याशिवाय ‘रो’ नावाचे प्रथिन सक्रिय होत नाही. हे प्रथिन नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराचे उत्पादन दाबते, आणि स्टॅटिनमुळे तो दाब हलका होतो. मात्र या दुसऱ्या परिणामाचा बराचसा पुरावा पेशींवरील आणि प्राण्यांवरील प्रयोगांतला आहे. माणसात नेहमीच्या मात्रेला त्याचा वाटा किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

अस्तराची तपासणी अशी होते: हातावर बांधलेल्या पट्ट्यात हवा भरून पाच मिनिटे रक्तप्रवाह अडवतात आणि तो सोडल्यावर दंडातील धमनी किती रुंदावते, हे सोनोग्राफीने मोजतात. कोलेस्टेरॉल जास्त असलेल्यांत स्टॅटिनने ही रुंदी सुधारल्याचे अनेकदा दिसले. टाइप 2 मधुमेहात चित्र इतके सरळ नाही. 2002 च्या एका डच चाचणीत अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची 80 मिलिग्रॅम मात्रा देऊनही ती सुधारली नाही. त्यामुळे ‘ही गोळी नसा मोकळ्या करते’ असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर सावध राहावे.

मग गोळी द्यायची कशाला? कारण झटक्यांचा हिशेब पक्का आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमधील 2,838 मधुमेही रुग्णांवरील, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हृदयविकार नसलेल्या आणि एलडीएल फारसे वाढलेले नसलेल्या लोकांत 10 मिलिग्रॅम अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनने हृदय व मेंदूच्या मोठ्या घटना 37 टक्क्यांनी घटल्या.

दुसरी बाजूही आहे. स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते: 2010 च्या एकत्रित विश्लेषणानुसार 255 जणांनी चार वर्षे औषध घेतल्यास एकाला अधिकचा मधुमेह होतो, आणि आधीच वजन व साखर काठावर असलेल्यांना हा धोका जास्त असतो. तरीही झटके टळण्याचा लाभ त्याहून मोठा ठरतो. गोळी घेतली म्हणून चालणे सोडण्याचे कारण नाही. व्यायाम आणि वजन घटवणे अस्तराला स्वतंत्रपणे मदत करतात.

अंगदुखी सुरू झाली म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. दुखणे तीव्र असेल किंवा लघवी गडद होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गर्भधारणा असेल वा तिचा विचार असेल, तर तेही आधी सांगा. अनेकदा मात्रा कमी करून किंवा दुसरे स्टॅटिन देऊन उपचार सुरू ठेवता येतात.