न सापडल्याचीही नोंद करा

मंडळी, डबा कुठे लपवावा, कसा हुडकावा यावर आपण जिओकॅशिंगवाले, म्हणजे कोणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या मदतीनं शोधण्याचा खेळ खेळणारे, तासन्‌तास बोलतो. शोध संपल्यावर काय लिहावं यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही. आणि रिकाम्या हातांनी परतलेले तर बहुतेक वेळा काहीच लिहीत नाहीत. आज मला बोलायचंय ते या राहून गेलेल्या नोंदींबद्दल.

नोंदवही या खेळात पहिल्या दिवसापासून आहे. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. शंभर मीटरपर्यंत भरकटणारी जागा एकदम काही मीटरांवर आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. बादलीत वही आणि पेन्सिल होती. काय घेतलं, काय ठेवलं, ते लिहा, एवढीच विनंती.

सापडल्याच्या नोंदीचा नियम सोपा आहे: डब्यातल्या वहीत सही केली, तरच ‘फाउंड’. झाडाच्या शेंड्यावर डबी लटकताना दिसली, पण वर चढणं जमलं नाही, तर ती सापडलेली नाही. लपवणाऱ्यानं, म्हणजे डब्याच्या मालकानं, भूभागाच्या अवघडपणाला पाचपैकी पाच गुण दिलेत ते त्या चढाईसाठीच. अर्थकॅशसारख्या प्रकारांत डबाच नसतो, तिथे प्रश्नांची उत्तरं मालकाला पाठवायची असतात. त्याबद्दल आज इतकंच.

आता डीएनएफ, म्हणजे ‘शोधलं, सापडलं नाही’. लोक ही नोंद का टाळतात? बऱ्याच जणांना कमीपणा वाटतो. काही म्हणतात, ‘डबा असेल तिथेच, मलाच दिसला नसेल, उगाच मालकाला कशाला त्रास?’ पण डबा गायब झालाय, असं ही नोंद म्हणतच नाही. ती फक्त सांगते की अमुक दिवशी एकानं शोधलं आणि त्याला मिळालं नाही. त्याचा अर्थ काय लावायचा, ते वाचणारा ठरवतो.

आणि तो अर्थ कसा लागतो पाहा. एका डब्याची काठिण्यपातळी, म्हणजे शोधायला किती अवघड ते, पाचपैकी दीड आहे. वर्षभर येणाऱ्या प्रत्येकाला तो मिळालाय आणि आता ओळीनं तिघांना मिळाला नाही. मालकानं जाऊन बघायलाच हवं. दुसऱ्या डब्याची पातळी साडेचार आहे, नखाएवढी चुंबकी नॅनो डबी आहे. तिथे तिघांना न सापडणं अगदी स्वाभाविक आहे. पण पहिल्या डब्याच्या त्या तिघांपैकी दोघं गप्प बसले, तर संकेतस्थळावर डब्याच्या पानावर एकच डीएनएफ दिसतो. मालक म्हणतो, एखाद्याला नसेल मिळाला. आणि पुढचे कितीतरी जण रिकाम्या जागेवर दगड उलटत बसतात.

कधी लिहायचं यावर मतभेद आहेत. घरातून निघालो की डीएनएफ लागू, असं काही जण मानतात. मला ते पटत नाही. जागेवर पोहोचून शोधायला सुरुवात केली की लिहावं. वाटेतच पूल बंद असल्यानं परतलात, तर साधी टीप लिहा, तीही पुढच्याच्या कामाची असते.

मजकूरही महत्त्वाचा. ‘नाही मिळाला’ एवढ्यानं कोणाला काही कळत नाही. त्यापेक्षा असं लिहा: ‘अर्धा तास शोधलं. झाडीमुळे जीपीएस पंधरा मीटर इकडेतिकडे फिरत होता. गवत नुकतंच कापलेलं दिसलं. अंधार पडल्यानं थांबलो.’ यातलं कापलेलं गवत मालकासाठी सोन्यासारखं आहे. फक्त लपण्याची जागा उघड होईल असं काही लिहू नका. डब्याच्या पानावरचा इशारासुद्धा अक्षरं तेरा घरं सरकवून लिहिलेला असतो. ज्याला हवा त्यानंच तो उलगडावा, म्हणून. आपल्या नोंदीनंही तेवढा मान राखावा.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून राग येतो. डबा सापडत नाही म्हणून लोक खिशातून फिल्मची डबी काढतात, कागदावर सही करतात, तिथेच ठेवतात आणि ‘फाउंड’ लिहून मोकळे होतात. मूळ डबी दोन हातांवर, खांबाच्या मागे शाबूत असते. मग एकाच जागी दोन डब्या, दोन वह्या. अर्ध्या लोकांच्या सह्या मालकानं ठेवलेल्या वहीत नाहीतच, आणि त्यांना खोटं ठरवायचं की नाही हा पेच मालकापुढे. मालकानं आधी सांगितलं असेल तरच बदली डबी ठेवावी.

मालकांनाही सांगणं आहे. डीएनएफ आला की ‘नीट शोधा’ म्हणून सुनावू नका. अशा नोंदींनी डब्याचा हेल्थ स्कोअर, म्हणजे डबा सुस्थितीत असल्याचा संकेतस्थळानं काढलेला गुणांक, घसरतो ही तक्रार मला ठाऊक आहे. पण त्या हिशोबात काठिण्यपातळीही धरलेली असते. शंका आली तर डबा तात्पुरता बंद ठेवा, जाऊन या आणि देखभालीची नोंद करा. वही भिजलीय, झाकण फुटलंय हे डोळ्यांनी पाहिलं असेल, तर शोधणाऱ्यानंही मालकाचं लक्ष वेधणारी वेगळी नोंद जरूर करावी. पण नुसता सापडला नाही म्हणून ती करू नये.

शेवटचा मुद्दा. पुन्हा गेलात आणि डबा मिळाला, तर जुना डीएनएफ पुसू नका, बदलूही नका. नवी ‘फाउंड’ नोंद वेगळी करा. मधल्या काळात मालकाची देखभालीची नोंद नसेल, तर क्रमानं वाचणाऱ्याला अंदाज येतो की डबा बहुधा तेव्हाही जागेवरच होता आणि लपवलाय मोठा झकास.