तपास सुरू होतो तो पहिल्या टेबलावर

मंडळी, निमंत्रण पत्रिकेवर आजचा विषय 'गुन्ह्याचा तपास आणि जनतेचा विश्वास' असा छापलाय. तुमच्यातले बरेच जण पहिला भाग ऐकायला आलेत, याची मला कल्पना आहे. बोटांचे ठसे, टॉवर लोकेशन, सीसीटीव्ही. तिकडे मी येणारच आहे. पण नागपूरच्या सत्र न्यायालयात कधी आरोपीच्या बाजूने, कधी फिर्यादीच्या बाजूने उभी राहता राहता माझं एक मत पक्कं झालं, ते आधी मांडते. पोलीस स्टेशनच्या दारातून आत गेलं की जे पहिलं टेबल लागतं, ठाणे अंमलदाराचं, तपास तिथे सुरू होतो. आणि पुष्कळदा तिथेच संपतो.

एक प्रसंग सांगते. आमच्याकडे पोळ्या करायला एक बाई येतात. बुधवार बाजारात भाजी घेताना मोटरसायकलवरच्या दोन पोरांनी त्यांच्या हातातला मोबाइल हिसकावून नेला. त्या एकट्या पोलीस स्टेशनला गेल्या, तासभर बाकावर बसल्या आणि हातात एक कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "ताई, रिपोर्ट झाली नं." मी कागद वाचला. तो गहाळ झाल्याचा दाखला होता. 'बाजारात गर्दीमध्ये मोबाइल कुठेतरी पडून गहाळ झाला.' बाईंची सही होती. अक्षर मात्र त्यांचं नव्हतं.

मी त्यांना घेऊन परत गेले. कोणतं पोलीस स्टेशन ते सांगणार नाही, कारण मला एका ठाण्याबद्दल बोलायचंच नाहीये. टेबलावरचे हवालदार सभ्य होते, खुर्ची दिली. म्हणाले, "मॅडम, काहून एवढा त्रास घेता? नवीन सिम या दाखल्यावर मिळते." मी म्हटलं, बाईंना सिम नको, चोर पकडून हवा आहे. मग त्यांनी विचारलं, "मोबाइल केवढ्याचा होता?"

हा प्रश्न साधा नाही, मंडळी. नव्या भारतीय न्याय संहितेत चोरी आहे कलम ३०३ मध्ये. चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजारांच्या आत असेल तर तो गुन्हा आता अदखलपात्र आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. बाईंचा मोबाइल जुना, चार हजारांचा. पण हातातून हिसकावून नेणं हा कलम ३०४ खाली वेगळा गुन्हा आहे. तो दखलपात्र आहे, आणि तिथे किमतीचा संबंधच नाही. म्हणजे 'पडला', 'चोरला' की 'ओढून नेला', यातलं टेबलावर काय लिहिलं जातं, त्यावर पुढे तपास होणार की नाही ते ठरतं. लिहिणारा सरकारी माणूस, आणि सांगणारी, कायद्याचं एक अक्षर माहीत नसलेली, बाकावर अंग चोरून बसलेली बाई.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात स्वच्छ सांगितलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ पाहा. हद्द कुणाचीही असो, तक्रार घ्यायची. एफआयआरची प्रत फुकट द्यायची. ठाण्यात नकार मिळाला तर वरिष्ठांना लेखी कळवायचं, तिथेही दाद नाही मिळाली तर दंडाधिकाऱ्यांकडे जायचं. आम्ही डीसीपींच्या, म्हणजे पोलीस उपायुक्तांच्या, कार्यालयात अर्ज दिला, गुन्हा दाखल झाला. पण मध्ये जे दिवस गेले, तेवढ्यात समोरच्या कापड दुकानाच्या डीव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर, नवं रेकॉर्डिंग चढून गेलं होतं. त्या दोन पोरांची मोटरसायकल त्यात दिसली असती. आता कायमची पुसली गेली.

हवालदार असं का करतात? आळस म्हणून सोडून देऊ नका. ठाण्याच्या हद्दीत गुन्ह्यांचा आकडा वाढला की क्राइम मीटिंगमध्ये पीआयला, म्हणजे ठाण्याच्या निरीक्षकाला, जाब द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'उपराजधानीत चोऱ्या वाढल्या' असा मथळा येतो, आणि तो वाचून आपणच चौकात पोलिसांना नावं ठेवतो. नोंदवलेले गुन्हे वाढणं आणि गुन्हेगारी वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा इशारा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्वतःच्याच अहवालात देतो. तो कुणी वाचत नाही. मग बाजारातून वीस मोबाइल जातात आणि कागदावर वीस माणसं वेंधळी ठरतात. टोळी कुणाला दिसणार?

आणि मोबाइलपुरतं हे थांबत नाही. आपल्या शहराला ते सांगायला नको. १३ ऑगस्ट २००४. कस्तुरबानगरच्या बायका जिल्हा न्यायालयात शिरल्या आणि तिथे हजर केलेल्या अक्कू यादव या वस्तीतल्या गुंडाला न्यायालयाच्या खोलीतच त्यांनी मारून टाकलं. तपास सीआयडीकडे गेला, खटला चालला, २०१४ साली पुराव्याअभावी हत्येचे आरोपी सुटले. त्या हत्येचं समर्थन मी करणार नाही, ज्या खोलीत न्याय व्हायचा तिथे झालेली ती हत्या आहे. पण वस्ती काय सांगत होती? आम्ही वर्षानुवर्षं तक्रारी घेऊन गेलो, दाद मिळाली नाही, आणि कोण तक्रार करतं हे अक्कूच्या कानावर जात होतं. हे मला फार लागतं. माझं सगळं आयुष्य त्या न्यायालयाच्या आवारात गेलं आणि त्या बायकांना तिथे येईपर्यंत कायद्याचा एकही दरवाजा उघडा वाटला नव्हता.

अध्यक्षांनी दहा मिनिटांची चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा तपासाकडे वळते, भराभर.

बोटांच्या ठशांचं पहिलं कार्यालय १८९७ साली आपल्याच देशात, कोलकात्याला निघालं. ठसे खोटं बोलत नाहीत, पण ते घटनास्थळ तुडवलं जाण्याआधी घ्यावे लागतात. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं, असं आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६ सांगतं. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे. हे फार चांगलं झालं, कारण आमचे निम्मे वाद पंचनाम्यावरच व्हायचे. बरं, इथे कोण कोण पंच म्हणून उभं राहिलंय? हात वर करा. दोन हात दिसतात, त्यातला एक पंखा वाढवा म्हणतोय. मग तपास अधिकारी त्याच-त्या ओळखीच्या माणसांना पंच करतात, आणि उलटतपासणीत आम्ही विचारतो की हा तुमचा कितवा पंचनामा. केस तिथेच ढासळते.

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा धरत नाहीत, हे लक्षात ठेवा. त्यातून वस्तू सापडली तर तेवढाच भाग चालतो. म्हणजे आरोपीला बोलतं करून केस उभी राहत नाही. उभी राहते ती शेजारी, दुकानदार, रिक्षावाला, दूधवाला यांच्या जबाबावर. सीडीआर, म्हणजे फोन कॉलच्या नोंदी, आणि सीसीटीव्ही लागतातच, त्यांना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्रही जोडावं लागतं, पण कुठला कॅमेरा बघायचा हे गल्लीतला माणूसच सांगतो. ज्या माणसाला पहिल्या टेबलावरून परत पाठवलं, तो पुढच्या वेळी 'मी काही पाहिलं नाही' म्हणतो. साक्षीदार पुढे फितूर होतो त्याची सुरुवात तिथे असते.

आणि तपास करणारा पीएसआय, म्हणजे फौजदार, तरी कुठे मोकळा असतो? मारबतीचा बंदोबस्त, दीक्षाभूमीचा बंदोबस्त, डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाचे मोर्चे. रात्री येऊन तो केस डायरी लिहितो. तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची माणसं वेगळी करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच प्रकाश सिंह खटल्यात दिला. त्याची खरी अंमलबजावणी आपण मागितली पाहिजे. आमदार मत मागायला आले की रस्त्यांबद्दल विचारता, तसं याबद्दलही विचारा.

वेळ संपली, एवढंच सांगून बसते. तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवायचं बंधन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ ने पोलिसांवर घातलं आहे. मोबाइलवर कळवलं तरी चालतं. तुमच्यापैकी कुणाच्या घरच्या गुन्ह्याला नव्वद दिवस उलटले असतील आणि निरोप आला नसेल, तर उद्याच एफआयआरचा क्रमांक घेऊन जा आणि लेखी विचारा. अर्ज कसा लिहायचा ते कळत नसेल तर खाली चहाच्या टेबलापाशी मी थांबले आहे.