५१ टक्के मिळाले की देश वेगळा होतो का? ब्रेक्झिट, स्कॉटलंड, कॅटलोनिया

नमस्कार मंडळी. ते नकाशाचं रील सगळ्यांपर्यंत पोचलंय बहुतेक, "जगातले पुढचे नवे देश" म्हणून, त्यात स्कॉटलंड, कॅटलोनिया, क्यूबेक सगळे एकाच लाल रंगात आणि शेवटी ब्रेक्झिटचा फोटो. त्यावर तुमचे इतके मेसेज आलेत की ठरलेला विषय बाजूला ठेवून आज हेच घेतोय.

आधी पटकन. ब्रेक्झिट म्हणजे ब्रिटनचं युरोपियन युनियन या देशांच्या संघातून बाहेर पडणं, त्याचं मतदान २३ जून २०१६, बाहेर पडा म्हणणारे ५१.९ टक्के, प्रत्यक्षात बाहेर ३१ जानेवारी २०२०. ब्रिटनमधल्या स्कॉटलंडचं, वेगळं व्हायचं का यावर, सप्टेंबर २०१४, ५५ टक्के लोक नाही म्हणाले. कॅनडाचा क्यूबेक प्रांत दोनदा, १९८० आणि १९९५, दोन्ही वेळा नाही. स्पेनमधला कॅटलोनिया १ ऑक्टोबर २०१७. हे कुठल्याही नोट्समध्ये मिळतं, पुढे चला.

आता खरा मुद्दा. दर तिसरी कमेंट अशी असते की "सर, लोकांनी मत दिलं ना, जास्त मतं पडली ना, मग विषय संपला." नाही संपत! मतदानाने तुम्ही बाहेर पडत नाही. मतदानानंतर बाहेर पडायचं काम सुरू होतं, आणि ते कोण करणार, कुणाच्या परवानगीने, हे आधी ठरलेलं नसेल तर गाडी तिथेच अडकते.

ब्रिटनचंच बघा. त्यांचं सार्वमत कायद्याने सल्लावजा होतं, सरकारवर बंधनकारक नव्हतं. त्यावरून केस झाली आणि जानेवारी २०१७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बाहेर पडायची नोटीस सरकार स्वतःच्या अधिकारात देऊ शकत नाही, संसदेचा कायदा लागेल. मग कायदा झाला, २९ मार्च २०१७ ला नोटीस गेली, आणि युरोपियन युनियनच्या कलम ५० प्रमाणे दोन वर्षांचं घड्याळ सुरू झालं. पण दोन वर्षांत ठरवायचं काय? जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडायचा करार संसदेत ४३२ विरुद्ध २०२ ने आपटला. मार्चमध्ये खासदारांसमोर आठ पर्याय ठेवले, आठपैकी एकालाही बहुमत नाही!

हे असं का होतं ते माझ्या बॅचमध्ये मी प्रत्यक्ष बघितलंय. मी पेठेत एमपीएससीच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवतो, सकाळी सातची बॅच. मुलं म्हणाली सर वेळ बदला, म्हटलं हात वर करा, जवळपास सगळा वर्ग वर. मग विचारलं किती वाजता? एकाला सहा हवे कारण त्याला हिंजवडीला ड्युटी, मेसवाल्या पोरांना नऊ, हडपसरवरून येणाऱ्या दोघी म्हणाल्या बस मिळायला हवी ना आधी, आठ करा. कुठल्याच वेळेला निम्मे हातही नाहीत. बॅच अजून सातलाच आहे. "हे नको" यावर बहुमत मिळतं हो, "मग काय हवं" यावर मिळेलच असं नाही.

आता तेच कॅटलोनियाकडून बघू. इथे अडचण आणखी आधीची आहे, मतदान घ्यायचा अधिकार कुणाचा? स्पेनच्या राज्यघटनेचं कलम २ देशाची एकता अविभाज्य मानतं. घटनात्मक न्यायालयाने सार्वमताचा कायदा स्थगित केला, तरी मतदान झालं, केंद्रांवर पोलीस घुसले, ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. हो म्हणणारे ९० टक्के, पण मतदान झालं साधारण ४३ टक्के, कारण विरोधातले बरेच जण गेलेच नाहीत. २७ ऑक्टोबरला स्वातंत्र्य जाहीर केलं, त्याच दिवशी माद्रिदने, म्हणजे स्पेनच्या केंद्र सरकारने, घटनेचं कलम १५५ लावून तिथलं सरकार बरखास्त केलं आणि त्या सरकारचे प्रमुख पुजदेमोन बेल्जियमला गेले. युरोपियन युनियनमधल्या एकाही देशाने मान्यता दिली नाही. लाठ्या खाणाऱ्या त्या म्हाताऱ्या माणसांबद्दल मला खरंच वाईट वाटतं, पण ९० टक्क्यांचा आकडा दाखवून "बघा, लोकशाही हरली" असं रील बनवणं मला पटत नाही. निम्म्याहून जास्त मतदार घरी होते त्यांचं काय?

याच्याशेजारी स्कॉटलंड ठेवा. ऑक्टोबर २०१२ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान कॅमरन आणि स्कॉटलंडच्या सरकारचे प्रमुख सॅमंड यांनी एडिनबराला करारावर सह्या केल्या, मतदानाचा अधिकार आधी कागदावर आला. प्रश्न सुरुवातीला "तुम्ही सहमत आहात का" असा होता, निवडणूक आयोगाने सांगितलं की याने लोक हो कडे ढकलले जातात, बदला. तो बदलला. सोळा वर्षांच्या मुलांना मत दिलं, ८४.६ टक्के मतदान झालं, आणि हरलेल्यांनी निकाल मान्य केला. नंतर ब्रेक्झिटमध्ये स्कॉटलंडचे ६२ टक्के लोक युनियनमध्ये राहा म्हणाले, तरी बाहेर जावं लागलं, म्हणून पुन्हा सार्वमताची मागणी आली. त्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनचं सुप्रीम कोर्ट म्हणालं, लंडनच्या परवानगीशिवाय नाही. माझ्या मते ही त्यांची तक्रार रास्त आहे, परिस्थिती बदललीय तर पुन्हा विचारायची वाट कुठेतरी असली पाहिजे.

आणि तिसऱ्यांदा तेच, क्यूबेक. १९९५ ला नाही ५०.५८, हो ४९.४२. समजा उलटं झालं असतं, तर दुसऱ्या दिवशी देश वेगळा? १९९८ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने याचं उत्तर दिलं आणि या विषयावरचं सगळ्यात शहाणं उत्तर मला तेच वाटतं. एकतर्फी निघून जाता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमत मिळालं तर उरलेल्या देशाला वाटाघाटीला बसावंच लागेल. दोघांवर बंधन! सर्बियापासून वेगळं होऊ पाहणाऱ्या मॉन्टेनेग्रोला तर २००६ मध्ये युरोपियन युनियनने ५५ टक्क्यांची अट घातली, त्यांना मिळाले ५५.५. सर्बियाने निकाल स्वीकारला, कारण अट आधी ठरलेली होती.

आता त्या कमेंटबद्दल, "वेगळा विदर्भ म्हणजे आपलं ब्रेक्झिटच." दादा, अजिबात नाही. विदर्भाची मागणी भारतात राहून वेगळ्या राज्याची आहे, १९५५ मध्ये फाजल अली आयोगानेच तशी शिफारस केली होती. आपल्याकडे हे कलम ३ खाली संसद करते, विधानसभेचं फक्त मत मागवलं जातं. आंध्रच्या विधानसभेने तेलंगणाचं विधेयक नाकारलं तरी २ जून २०१४ ला तेलंगणा झालंच. तुम्ही विदर्भाच्या बाजूने असा नाहीतर विरोधात, पण राज्य मागणाऱ्या माणसाला देश फोडणारा म्हणू नका, नागपूरची माझी मित्रमंडळी यावरून खूप दुखावतात.

नॉर्दर्न आयर्लंड, म्हणजे आयर्लंड बेटाचा ब्रिटनकडे असलेला भाग, आज सुटलं, त्याला पूर्ण व्हिडिओ लागेल. तिथल्या १९९८ च्या शांतता करारात आधीच लिहिलंय की बहुमत आयर्लंडमध्ये जायच्या बाजूने असेल असं दिसलं तर ब्रिटनच्या मंत्र्याला मतदान घ्यावंच लागेल, आणि दोन मतदानांत किमान सात वर्षं हवीत. फक्त "असं दिसलं" हे कशावरून ठरवायचं ते लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी तिथूनच सुरू करू.